दादांच्या काँप्युटरला आवाज

जुन्या काँप्युटरमधलं मला सगळं कळतं! एवढं एक वाक्य मी बोललो नसतो, तर पुढचा सगळा घाम वाचला असता.

झालं असं, की आमची ही आणि तिचे दादा यांच्यात आईवडिलांचं घर विकण्यावरून अबोला होता. दादा जहाजावर इंजिनिअर. पुन्हा लांब निघाले होते, जाता जाता तासभर डोकावतो म्हणाले. लहानपणी दोघं ज्या काँप्युटरवर तोफांचा खेळ खेळायची, तो आमच्या माळ्यावर पडून होता.

"अहो, तो चालू झाला तर दादा बोलेल हो! नाहीतर पाणी पिऊन तसाच जाईल."

"हात्तिच्या! जुन्या काँप्युटरमधलं मला सगळं कळतं! आवाजासकट चालू करतो!"

चालू झालाही. पण आत आवाज काढणारं साउंड कार्डच नव्हतं. कोणीतरी काढून नेलं असणार, असं मी ठरवून टाकलं. या जुन्या खेळांची खोड अशी, की प्रत्येक कार्डावर तेच संगीत वेगळं वाजतं. म्हणून नेमका आवाज ओळखायला हिला जुन्या सामानाच्या दुकानात नेलं. दुकानदार एकेक कार्ड लावून तो खेळ वाजवून दाखवू लागला.

"हे?"

"छे! आमचं असं होतं, ढँ ढँ ढडाँऽऽ!"

"मग हे?"

"ही तर पिपाणी!"

ही भर दुकानात गात होती आणि गिऱ्हाईकं खरेदी सोडून ऐकत होती. शेवटी सगळ्यांत महागडं कार्ड वाजलं. "जवळजवळ!" ही म्हणाली. मी झडप घातली.

दादा आले तेव्हा मी अजून पेचच पिळत होतो.

"कशी आहेस?"

"बरी."

संपलं बोलणं! कार्ड खोबणीत जाईना. जोर लावला, तर कड्कन वाजलं आणि ते एकदाचं आत बसलं. चालू केलं, आवाज नाही. कार्डावरच्या चिमुकल्या पिनांच्या जागा बदलल्या, तर माउस मेला. परत बदलल्या, तर पडदा काळा!

"जावईबापू, माझी गाडी येईल आता," दादा घड्याळ बघत म्हणाले. ही माझ्याकडे बघत दादांसाठी पाणी आणायला उठली. ओरडली असती तर परवडलं असतं.

पिना तिसऱ्यांदा बदलल्यावर पडदा आला, माउस हलला, आवाज मात्र नाहीच. आणि मग दिसलं, स्पीकरची वायर माइकच्या भोकात! घाईघाईनं योग्य जागी खुपसली. आवाजाचं बटण तोवर मी शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं. असा काही बँड वाजला, की दादा खुर्चीतून उडालेच!

"हे काय?"

"तुमचा खेळ!" मी अभिमानानं म्हणालो.

"आमच्या काँप्युटरला आवाज नव्हता. बाबांनी कार्ड घेतलंच नव्हतं."

हिचा चेहरा उतरला. "मग ते ढँ ढँ?"

"ते तू म्हणायचीस, ठमे! तोफा मी उडवायचो. तोंडानं."

खाली हॉर्न वाजला. दादा उठले. गेलं सगळं, म्हणून मी डोळे मिटले. उघडले, तर दादा वाकून माझ्या स्पीकरची वायर उपटत होते.

"थांबेल गाडी. ठमे, कर सुरू!"

ही गाऊ लागली. आधी दबकत, मग थांबेना. दादांचा धडाड्धुम् भिंती हलवू लागला. दोघं हसत होती, एकमेकांना ढकलत होती. मला इतकं बरं वाटलं, की कार्डाचं दुःखच विसरलो.

"मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही शत्रू. गोळा लागला की किंचाळायचं."

मी जीव ओतून किंचाळलो. गाडीवाला धापा टाकत वर आला. "साहेब, कोणाला लागलं?"

"आमच्या जावयांना," दादा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "तुम्ही बसा, अजून बरेचदा मरायचेत ते!"