पांढऱ्या डोळ्यांची पाहुणेमंडळी

“तू अगदी निर्धास्त राहा! तुझ्या माश्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही!” प्राध्यापक महाशयांनी फोनवर छाती ठोकून सांगितलं.

साथीमुळे विद्यापीठाला टाळं लागलं होतं. तास पडद्यावर, परीक्षा पडद्यावर, बैठका तर उठल्यासुटल्या पडद्यावर. पण प्रयोगशाळेतल्या माश्या काही पडद्यावर जगत नाहीत. महाशयांची संशोधक विद्यार्थिनी दूर गावी अडकलेली, आणि तिचा सगळा प्रबंध इकडे काचेच्या नळ्यांमध्ये भिरभिरत होता. पांढऱ्या डोळ्यांच्या फळमाश्या! हा वाण संपला की पोरीची सगळी वर्षं पाण्यात. म्हणून महाशय खास परवानगी काढून गेले आणि नळ्या पिशवीत घालून घेऊन आले. घरी काय आणतोय, हे सांगायचं मात्र त्यांनी सोयीस्करपणे टाळलं.

दारात बायकोचं राज्य होतं. बाहेरून आलेली वस्तू, मग ती भाजी असो की नवरा, साबणाच्या पाण्यातून निघाल्याशिवाय आत येत नसे. महाशय हात धुवायला गेले आणि पिशवी सरळ बादलीत गेली.

“अगं, काय केलंस हे!”

“धुतली. काय आहे एवढं त्यात?”

“विभागाचं सामान आहे!”

“मग होऊ दे की विभाग स्वच्छ!”

नळ्या वाचल्या, पण तोंडाशी लावलेले कापसाचे बोळे चिंब झाले. महाशयांनी ते उपटून कागदी रुमालाचे तुकडे कोंबले. जन्मभर आनुवंशिकता शिकवली, पण बोळा कधी स्वतःच्या हाताने बसवला नव्हता. तेवढ्यात बैठकीची वेळ झाली. नळ्या टेबलावर ठेवून ते कॅमेऱ्यासमोर बसले.

पडद्यावर कुलसचिव होते, सगळे विभागप्रमुख होते. महाशय रंगात आले. “आमच्या विभागाचं काम घरून तितक्याच सुरळीतपणे...” म्हणेपर्यंत नाकावर एक माशी येऊन बसली. दुसरी चष्म्यावर. तिसरीचे डोळे पांढरे आहेत हे त्यांना बिनभिंगाचं दिसलं, आणि ते खुर्चीवरून उडालेच!

बाहेरच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. टाळी वाजवून चिलटं मारण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चट्! चट्!

“आई, मारू नका!” महाशय किंचाळले. “पाया पडतो तुमच्या, पण मारू नका!”

चट्!

“अहो आई, त्या बिचाऱ्या पोरीचा तरी विचार करा!”

माइक चालूच होता. सगळ्या विद्यापीठाला रिकामी खुर्ची दिसत होती आणि चटाचट आवाज ऐकू येत होता. कुलसचिवांनी घसा खाकरून बैठक तहकूब केली. थोड्याच वेळात समुपदेशन कक्षाचा फोन आला.

“सर, मोकळेपणाने बोला. तुम्ही एकटे नाही आहात.”

“एकटा कसला! घरभर आहेत त्या! पडद्यांवर, दिव्यावर, सासूबाईंच्या केसांत!”

“बरं,” पलीकडची बाई फारच हळुवारपणे म्हणाली. “आत्ता शेजारी कुणी आहे का?”

महाशयांनी फोन आपटला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

“वर्षभर मी खिडक्यांना जाळ्या लावून चिलटं बाहेर ठेवते, आणि तुम्ही पिशवी भरून घरात आणता?” बायको कडाडली. पण पोरीचं सगळं त्यावर अडलंय म्हटल्यावर तिनेच पिकलेली केळी कुस्करून पेल्यांत घातली आणि वर कागदाची नरसाळी बसवली. पेले माश्यांनी भरले. माश्या गारठून निपचित पडाव्यात म्हणून महाशयांनी ते फ्रीजमध्ये ठेवले, तेही दह्याला खेटून. त्यावरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग महाशय भिंग घेऊन बसले. लाल डोळे, लाल डोळे, पुन्हा लाल! ही सगळी जाळ्यांना न जुमानता शिरलेली घरचीच चिलटं, जात तीच, पण वाण साधा. पोरीला काय तोंड दाखवायचं? अखेर पेल्याच्या तळाशी पांढऱ्या डोळ्यांच्या तीन माश्या सापडल्या आणि महाशयांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच व्हिडिओ कॉल लावला.

“वाचल्या गं! तीन वाचल्या!”

विद्यार्थिनीचा चेहरा पडला होता, तरी ती सावरून म्हणाली, “सर, पोटाचं टोक काळं आहे का बघा ना.”

महाशयांनी भिंग लावलं. काळं. काळं. तिसरीचंही काळंच.

“म्हणजे तिघेही नर,” ती म्हणाली. “सर, एकच उपाय आहे. तुमच्या घरातल्या लाल डोळ्यांच्या माद्यांशी यांची जोडी जमवायची. मग त्यांच्या लेकींची पुन्हा यांच्याशीच. दुसऱ्या पिढीत पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या मिळतील. वाण वाचेल. पण तोवर सगळं तुमच्याच घरात वाढवावं लागेल.”

मागे उभ्या असलेल्या बायकोने कमरेवर हात ठेवले.

“म्हणजे आता लग्नंही आमच्याच घरात लावायची?”

“कोवळ्या माद्या लागतील, काकू,” विद्यार्थिनी चाचरत म्हणाली. “अजून कुणाशी जोडी न जमलेल्या, अंड्यांपासून वाढवलेल्या. त्यासाठी आधी घरात याहून कितीतरी जास्त चिलटं हवीत.”

बायकोने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. महाशय मुकाट्याने उठले, खिडकीपाशी गेले आणि तिने वर्षभर जपलेली जाळी आपल्या हाताने काढू लागले.