आम्रखंडाच्या डब्यांतली आमटी

नवनाथच्या चिखलीतल्या घरी फ्रीझरमध्ये बर्फ करायलाही जागा उरली नव्हती. वरचा कप्पा आम्रखंडाच्या जुन्या डब्यांनी गच्च भरला होता आणि एकाही डब्यात आम्रखंड नव्हतं. कशात आमटी होती, कशात शेंगोळे, कशात वरण. पाच जणांना दोन दिवस पुरेल एवढा स्वयंपाक त्याच्या बायकोने, स्वप्नालीने करून, गार करून, गोठवून ठेवला होता. भाकऱ्यांची चवड वेगळी, ठेच्याची बरणी वेगळी. एवढा सगळा शिधा कुठे निघाला होता, तर चाकणच्या एका भारी हॉटेलात, जिथे दोन्ही वेळचं जेवण फुकट होतं.

नवनाथ चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला होता. त्याशिवाय तो कंपनीच्या क्वालिटी सर्कलचा लीडर होता. कारखान्यातला एखादा बिघाड धरायचा, तो का झाला ते शोधायचं, मग पुन्हा का, पुन्हा का, असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं आणि वर्षातून एकदा सगळ्या कंपन्यांच्या टीमांसमोर ते सादर करायचं, असा हा प्रकार. स्पर्धा हॉटेलात होई, मुक्कामही तिथेच. वर्षातला तो एकच प्रसंग असा होता, की नवनाथच्या हातात पान्ह्याऐवजी माईक असे आणि ब्लेझरवाले लोक त्याचं ऐकून माना डोलवत. तेवढ्यासाठी तो वर्षभर शिफ्ट संपल्यावर थांबत असे आणि त्याचं त्याला काही वाटत नसे.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. आदल्या रात्री टीममधल्या धनेशने हॉटेलचं पांढऱ्या रश्शातलं पनीर आडवंतिडवं हाणलं आणि दुसऱ्या दिवशी ऐन सादरीकरणात, "आता आपण मूळ कारणाकडे वळू" असं म्हणून तो जो वळला, तो थेट स्वच्छतागृहाकडे. दुसऱ्या नंबरावर समाधान मानावं लागलं. यंदा विभागप्रमुख सबनीस साहेबांनी टीमला केबिनमध्ये बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, की पहिला नंबर आला नाही तर ही टीम बंद. शिवाय कोणीतरी घरच्या डब्यांचा विषय काढला तेव्हा त्यांनी तो तिथेच तोडला. आपण कंपनीचे प्रतिनिधी आहोत, लग्नाचं वऱ्हाड नाही, हॉटेलात हॉटेलसारखं राहायचं, असं ते म्हणाले.

नवनाथसमोर मोठाच पेच पडला. हॉटेलचं खावं तर पोटाची भीती, घरचं न्यावं तर साहेबांची. शेवटी पोट जिंकलं. स्पर्धेसाठी बनवलेल्या मॉडेलच्या खोक्यात खाली डबे आणि वर मॉडेल, अशी मांडणी झाली. हॉटेलच्या दारात खोकं उतरवताना खुद्द सबनीस साहेबांनी एका बाजूने हात लावला आणि मॉडेल भलतंच जड झाल्याची तक्रार केली. यंदा लोखंड जास्त वापरलंय, असं नवनाथने खाली बघत सांगितलं.

पहिला दिवस तर बेत झकास जमला. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजमधल्या थंड पेयांच्या बाटल्या बाहेर काढून तिथे डबे गेले आणि फ्रीज सगळ्यात जास्त थंडीवर लावला गेला. धनेशने आणलेली इंडक्शनची शेगडी कढईसकट टेबलावर बसली. नवनाथने नियम घालून दिला, की एका वेळी एकच वस्तू चालवायची. शेगडी चालू असेल तर किटली बंद, किटली चालू असेल तर इस्त्रीकडे बघायचंसुद्धा नाही. लसणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून टीममधल्या धम्मरत्नने दाराखाली ओला टॉवेल सारला आणि वर अंगाला मारायचा सेंट फवारला. त्यामुळे वास गेला नाही, फक्त आमटी आंघोळ करून आल्यासारखी वाटू लागली. तरीही सगळे पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांचं सादरीकरण जेवणाच्या सुट्टीनंतर होतं. म्हणून सुट्टीच्या थोडं आधी, खाली दुसऱ्या कंपनीची टीम पडद्यावर आलेख दाखवत असताना, हे पाच जण एकेक करून सटकले आणि वर आले. फ्रीजने आपलं काम चोख केलं होतं. आमटीचा डबा उपडा केला तर अख्खा दगड कढईत आदळला आणि कढईच्या मापात बसेना. धम्मरत्नने तो उभा धरला, धनेशने शेगडी सुरू केली. दगडाला खालून जेमतेम घाम फुटला असेल, तेवढ्यात खोलीतली वीज गेली.

मग कळलं की फक्त खोलीतली नाही. लिफ्ट थांबली होती, एसी थांबले होते, खालच्या हॉलमधला पडदा त्या टीमच्या आलेखासकट अंधारात गेला होता. थोड्या वेळाने मागच्या आवारात जनरेटर गरजला, दिवे लागले, आणि पुन्हा गेले.

"भाऊ, हे आपलंच झालं का?" धनेशने हळूच विचारलं.

नवनाथने शेगडीचा प्लग काढला.

ते खाली पोचले तेव्हा हॉलचे सगळे दरवाजे आणि पडदे उघडून उजेड केला होता. मुख्य परीक्षक सुखदा मॅडम अडचणीलाच कामाला लावणाऱ्या बाई होत्या. त्यांनी जाहीर केलं, की आता पडदा नाही, माईक नाही, तेव्हा उरलेल्या टीमांनी तयार सादरीकरण बाजूला ठेवावं. हॉटेलची वीज का गेली, याचंच मूळ कारण पाच वेळा 'का' विचारून शोधावं. ज्याचं उत्तर बरोबर, त्याचा पहिला नंबर.

उत्तर तर नवनाथच्याच खोलीत कढईत उभं होतं.

पहिल्या टीमने रोहित्रावर ठपका ठेवला. दुसरीने तारा कुरतडणाऱ्या उंदरावर ठेवला आणि उंदराचं चित्रही काढलं. इकडे मागच्या रांगेत धनेश नवनाथच्या कानाला लागला होता.

"पालीवर ढकलू, भाऊ. पॅनेलमध्ये पाल शिरली म्हणू. पाल काय इथं येऊन नाही म्हणायलीय?"

नवनाथला ते क्षणभर पटलंही. पण वर्षभर ज्या फळ्यापुढे आपण मूळ कारण, मूळ कारण म्हणून घसा कोरडा केला, त्याच फळ्यावर पाल लिहायची, हे काही त्याच्याच्याने होईना. तो उठला आणि पुढे गेला. पहिल्या रांगेत सबनीस साहेब पायावर पाय टाकून बसले होते. कशानेतरी त्यांचा चेहरा आधीच उतरलेला दिसत होता.

"वीज का गेली?" नवनाथने फळ्यावर लिहिलं आणि वळला. "आम्ही खोलीत शेगडी लावली म्हणून. शेगडी का लावली? तर आमटीचा दगड झाला होता. दगड का झाला? तर घरून आधीच करून, गोठवून आणली होती. घरून का आणली? तर हॉटेलचं खाऊन गेल्या वर्षी आमची फजिती झाली होती. आणि मग हे सगळं चोरून का केलं..."

इथे तो अडखळला. पाचव्या 'का'चं उत्तर पहिल्या रांगेत ब्लेझर घालून बसलं होतं.

"तर साहेबांनी नको म्हटलं होतं," तो म्हणाला. "चूक आमची आहे, मॅडम."

हॉलमध्ये हशा पिकला. सबनीस साहेब ताडकन उठले. त्यांनी सगळ्या कंपनीच्या वतीने परीक्षकांची माफी मागायला सुरुवात केली. ही आमची संस्कृती नव्हे, मी यांना बजावलं होतं, परतल्यावर या टीमबद्दल योग्य तो निर्णय घेतला जाईल, असं ते बोलत असतानाच दिवे लागले. एसी सुरू झाला. या वेळी दिवे टिकले. आणि पाठोपाठ हॉटेलचे मॅनेजर आत आले. त्यांच्या हातात स्टीलचा एक डबा होता आणि त्या डब्यात पाणी तापवायचा रॉड उभा होता.

दोष सापडल्याचं मॅनेजरनी सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर काहीही बिघाड नव्हता, ती शेगडी बिचारी निर्दोष होती. तिसऱ्या मजल्यावर एका पाहुण्याने बाथरूममध्ये स्टीलच्या डब्यातल्या आमटीत हा रॉड बुडवून ठेवला होता. करंट थेट डब्यात उतरला, म्हणून अख्ख्या हॉटेलचं मेन स्विच पडलं, जनरेटरसुद्धा टिकला नाही. रॉड बाहेर काढल्यावर सगळं ठीक झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या स्पर्धेच्या आयोजकांच्या नावावर होत्या, त्यामुळे डबा कोणाचा तेवढं कळत नव्हतं.

सुखदा मॅडमनी डबा हातात घेऊन फिरवला. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे आणि ते नाव घासून घासून जात नाही. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं.

"सौ. नीलिमा यशवंतराव सबनीस हिस मामांकडून सप्रेम."

सबनीस साहेब अजून उभेच होते. माफी अर्धीच राहिली होती आणि बसावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. कोणी हसलं नाही, हे जास्तच वाईट झालं.

निकाल तासाभराने लागला. नवनाथच्या प्रामाणिकपणाला सगळ्या हॉलने उभं राहून टाळ्या दिल्या. पण सुखदा मॅडम नियमाला पक्क्या होत्या. मूळ कारण चुकलं होतं. ज्या टीमने, का कोण जाणे, "कुणीतरी पाहुण्याने घरचं काही लावलं असावं" असं मोघम लिहिलं होतं, तिला पहिला नंबर गेला. नवनाथची टीम पुन्हा दुसरी आली.

पाचही जण वर येऊन बसले. नवनाथला राहून राहून वाटत होतं, की खरं बोलायला गेलो आणि तेही चुकीचं बोललो. टीम गेली, माईक गेला. आमटी मात्र तोवर आपोआप वितळली होती. धनेशने शेगडी लावली. कढईला उकळी फुटत असताना दारावर टकटक झाली.

दारात सबनीस साहेब होते. ब्लेझर हातावर होता. ते आत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि बराच वेळ कढईकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं, की कालपासून त्यांच्या पोटात काकडीशिवाय काही गेलेलं नाही. पनीर त्यांनाही सोसत नाही, पण हे विभागप्रमुखाने कोणाला सांगायचं?

स्वप्नालीची भाकरी त्यांच्या पुढे आली. ठेचा आला. वाटीभर आमटी त्यांनी भुरके मारत संपवली, कपाळावरचा घाम पुसला आणि वाटी पुन्हा पुढे केली. नवनाथने ती भरली, पण त्याला राहवेना.

"सर, टीमचं काय ठरलं मग? बंदच का?"

साहेबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

"पुढच्या वर्षी," ते खालमानेने म्हणाले, "माझं पण तुमच्यातच धरा."

धम्मरत्नने उठून दाराखाली ओला टॉवेल सारला.