नऊ डॉलरची वायर आणि पारास्काबाईंचा आवाज

बढाई

"नऊ डॉलर!" नेस्टरने वायर हारासारखी गळ्यात घातली. "डिस्कमधलं काढून द्यायला दुकानवाला एकशेऐंशी मागत होता. लूट! स्लावा, उद्या चर्चच्या जेवणाला निघायच्या आत तुझ्या आईचा आवाज तुझ्या कानात!"

स्लावा कोबीची पानं उकळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"गॅरेजचं दारसुद्धा तू असंच दुरुस्त केलं होतंस. तेव्हापासून गाडी बाहेर झोपते."

नेस्टरने टोमणा गिळला. पण हे काही गॅरेजचं दार नव्हतं. मेलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेली ती हार्ड डिस्क म्हणजे विटेएवढं लोखंड, पण तिच्यात त्याच्या सासूबाई होत्या. शेवटच्या ईस्टरला पारास्काबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या, सगळ्यांना खोलीबाहेर हाकललं आणि स्लावासाठी काहीतरी बोलल्या. स्लावाने ते ऐकायच्या आत कॉम्प्युटर गेला. मागोमाग सासूबाई गेल्या.

स्लावा एकदाच म्हणाली होती, "तिचे शब्द आठवतात रे. आवाज आठवत नाही आता."

एकदाच. पण नेस्टरला ते पुरलं होतं.

भोक

वायरीचं एक टोक डिस्कला, दुसरं लॅपटॉपला. डिस्क गप्प. पगारवाढ मागितल्यावर साहेब बसतो तशी गप्प!

वायरीच्या जाड टोकाला एक गोल भोक होतं. नेस्टरने त्यात डोकावून पाहिलं. फुंकलं.

"हवा खेळायला असेल," तो म्हणाला.

फोन

"लॉर्न, डिस्क फिरत नाही रे."

"अडकली असणार. फ्रीजरमध्ये टाक."

"फ्रीजरमध्ये?"

"थंडीने लोखंड आकसतं, अडकलेलं सुटतं. माझ्या मेव्हण्याने केलं होतं."

"मग? काय झालं?"

"काय व्हायचंय? मजेत आहे. व्हँकुव्हरला असतो."

"अरे, डिस्कचं काय झालं?"

"ते नाही विचारलं कधी."

बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगच्या खेळात मित्र लॉर्नचा नेम कधी चुकत नसे. तेवढ्या भरवशावर नेस्टर तळघरात गेला.

फ्रीजर

कॅनडातल्या सॅस्कॅचेवानमध्ये माणसाची ऐपत घरावरून नाही, तळघरातल्या फ्रीजरवरून कळते. स्लावाच्या फ्रीजरमध्ये अख्खं हरीण पाय पसरून झोपलं असतं. नेस्टरने डिस्क पिशवीत घातली, वर फॉइल गुंडाळली आणि पटकन सापडावी म्हणून उद्याच्या जेवणाच्या पुडक्यांवर, अगदी वर ठेवली. वायर परत गळ्यात घातली आणि जाऊन निवांत झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने झाकण उघडलं. हरणाचं मांस होतं. वाटाणे होते. फॉइलचं एकही पुडकं नव्हतं; स्लावा सगळी चर्चला घेऊन गेली होती.

कथा इथेच संपली असती तर

बरं झालं असतं! पण चर्चचं जेवण चारला होतं आणि ओव्हन तीनलाच तापवतात.

तळघर

चर्चच्या तळघरात गावातल्या प्रत्येक घराने होलोप्ची आणली होती. कोबीच्या पानात भात आणि खिमा, आणि प्रत्येकीचं पुडकं त्याच फॉइलमध्ये! टेबलावर चांदीच्या विटांचा ढीग. नेस्टर त्यात घुसला. एक पुडकं उचलून कानाशी हलवलं. दुसरं उघडलं. तिसरं दाबलं, तर रस्सा कोपरापर्यंत!

"नेस्टर!" ओव्हनजवळून पर्ल ओरडली. गेली कित्येक वर्षं त्या स्वयंपाकघरात तिचंच राज्य. "भूक लागलीय तर रांगेत उभा राहा की! मेला कोल्ह्यासारखा काय हुंगतोयस?"

"पर्ल, स्लावाचं पुडकं कुठंय?"

"स्लावाचं?" पर्लने हातातला काटा वर धरला. त्याचे दात चारी दिशांना गेले होते. "हे बघ! पाच मिनिटं टोचतेय. स्लावा, राग मानू नकोस हं, पण तुझ्या आईची होलोप्ची जिभेवर विरघळायची!"

नेस्टरने ते पुडकं तिच्या हातातून हिसकावून छातीशी धरलं.

टेबलापलीकडून स्लावा आली. तिने पुडकं पाहिलं, नवऱ्याच्या गळ्यातली वायर पाहिली.

"नेस्टर, ही ती डिस्क आहे?"

"हो."

"आईचा आवाज आहे तिच्यात?"

"हो."

"तू माझ्या आईला फ्रीजरमध्ये ठेवलंस?"

पाद्री बोहदान उकडलेल्या करंजीसारखी पेरोगी तोंडात धरून तसेच थांबले.

"मला वाटलं..." नेस्टरने पुडकं तिच्या हातात दिलं. "तुला आवाज आठवत नाही म्हणालीस ना."

स्लावाने फॉइल सोडून डिस्क पुसली, आपल्या लोकरी शालीत गुंडाळली आणि सबंध जेवणभर मांडीवर घेऊन बसली, तान्ह्या बाळासारखी. जेवण संपेस्तोवर डिस्कची थंडी गेली. मग नेस्टरच्या गळ्यातली वायर काढून तिने हातात घेतली.

"हे भोक कसलं?"

"हवा..." नेस्टर पुटपुटला.

स्लावा चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायची. ती उठली, कीबोर्डचा चार्जर आणला, दोन्हींवरचे बारा व्होल्ट जुळवून पाहिले आणि त्याची पिन भोकात घातली. चपखल! तिकिटांच्या टेबलावरचा लॅपटॉप ओढून जोडला, आणि डिस्क मांजरीसारखी गुरगुरली.

पडदा काळाच. त्या दिवशी कॅमेऱ्याचं झाकण काढायला नेस्टर विसरला होता. पण आवाज आला. खरखरीत, घाईतला.

"चालू आहे का हे? नेस्टर, तूसुद्धा बाहेर हो! ... स्लावा, पोरी. माझ्यामागे तुझं कसं होईल याचा घोर मला नाही. नेस्टर आहे. तू शिंकलीस तरी हा दिवसभर कासावीस होतो. असा माणूस शोधून मिळत नाही."

नेस्टरची छाती फुगली. स्लावाने त्याचा हात घट्ट धरला. पर्ल एप्रनला डोळे पुसू लागली.

"एकच सांगते," सासूबाई म्हणाल्या. "त्याला वायरींना हात लावू देऊ नकोस."

तळघर हसून हसून लोळलं. सगळ्यात मोठ्याने हसत होती स्लावा, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"पुन्हा," ती म्हणाली. "पुन्हा लावा ना."

नेस्टर लगबगीने पुढे झाला.

"हात नको!" स्लावा, पर्ल आणि पाद्री एकदमच ओरडले.

त्याने मुकाट्याने दोन्ही हात खिशात घातले. एका खिशात कोणाच्या तरी होलोप्चीचा रस्सा होता.