मोठी पाती, कमी फेरे

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत गावडेकाकांनी पाणबुडी सोडली, त्याच दिवशी मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा द्यायला हवा होता. अंबरनाथ पूर्वेला पाण्यावरून भांडणं कमी होती का, म्हणून आता हे! तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी ओरडत आल्या, "भाऊ, टाकीत कायतरी पिवळं फिरतंय!" मी धापा टाकत गच्चीवर गेलो. काका टाकीत डोकं घालून पालथे पडलेले.

"काका, आम्ही ते पाणी पितो हो!"

"शू! तळाला बोटभर गाळ आहे. कधी साफ करता टाकी?"

म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!

गावडेकाका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, हे पंख्यांच्या मागे लागले. कुणाकडेही गेले की आधी छताकडे बघणार. "पाचवर कशाला फिरवताय? मोठी पाती, कमी फेरे! ढकलायचं असतं, घुसळायचं नसतं." ताक करणाऱ्या काकूंनाही त्यांनी सोडलं नाही. "ही रवी बघा सेक्रेटरी. सगळी ताकद घुसळण्यात. पुढे एक इंच जात नाही."

"ताकाला पुढे कुठं जायचंय?" काकू म्हणायच्या.

हसू नका पण. त्यांचा एकुलता एक महेश तीन वर्षांपूर्वी नोकरीवरून बापाशी भांडून घराबाहेर पडला, तो परत आला नाही. बाईक सापडली डोंगराकडच्या बंद दगडखाणीपाशी. खाण पाण्यानं भरलेली. पाणबुडे दोन दिवस उतरले, बिचाऱ्यांनी शिकस्त केली. पण नुसता पाय हलला तरी तळाचा गाळ उठायचा, समोरचा हात दिसायचा नाही. काकूंनी तेव्हाच ठरवलं, पोरगं सुरतेला पळालंय. "फोन बंद ठेवलाय मेल्यानं. बापावर गेलाय." काकांनी काहीच ठरवलं नाही. त्यांना बघायचं होतं.

त्यासाठी हा सगळा खटाटोप. उल्हासनगरच्या भंगारातून मोटारी आणल्या. "काका, मछली पकडेगा क्या?" सिंधी शेठनं विचारलं. काका नुसतं "हां" म्हणाले. पितळेची पाती स्वतःच्या हातानं घासली, पुढे दिवा आणि कॅमेरा बसवला. कुठल्याशा कॉलेजातली पोरं मोबाईलवरच्या व्हिडिओत आपली यंत्रं पाण्यात पळवून दाखवायची, त्यावर काका भडकायचे. "पळवायचंय कशाला? कुणी आलंय हे पाण्याला कळताच कामा नये!" पाणबुडी त्यांनी मुद्दाम पाण्याहून जराशी हलकी ठेवली. खाली जायचं तर पंखा पाणी वर फेकणार, तळाला धक्का नाही. वर यायचं तर पंखा बंद, ती आपोआप तरंगत येणार. एका चार्जिंगमध्ये दोन तास चालायची. टाकीतला बोटभर गाळ हलला नाही, त्या दिवशी काकांनी अख्ख्या बिल्डिंगला जिलेबी वाटली. आणि मी गाढव, मी त्यांना नोटीस दिली.

रविवारी खाणीवर जायचं ठरलं. फक्त मला सांगितलं होतं. खाली उतरून बघतो तर रिक्षात काकू आधीच बसलेल्या, मांडीवर पोह्यांचा डबा.

"मी पण येणार. तो तिथं नाहीये, हे एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे तुमचं खूळ तरी जाईल."

काका पाणबुडी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

मागे वायर सोडत पाणबुडी खाली गेली. काकू लांब दगडावर बसल्या होत्या, मी काकांच्या पाठीशी उभा. हातातल्या छोट्या स्क्रीनवर खाणीचा तळ लख्ख दिसत होता, एक कण हललेला नव्हता. कपारीपाशी आधी बूट दिसला. मग स्टीलचं कडं. महेश ते कडं झोपतानाही काढायचा नाही, उभ्या बिल्डिंगला माहीत होतं. कड्यात काय होतं ते मी सांगणार नाही.

काकांचा अंगठा बटणावरून उठला. पंखा थांबला आणि पाणबुडी हळूहळू वर आली. त्यांनी स्क्रीन छातीशी धरला.

"काय दिसलं हो?" काकूंनी हाक मारली.

"काही नाही. सगळा गाळ उडाला," काका म्हणाले. "माझंच डिझाईन चुकलं."

तो तिथं नाही, एवढं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. मला ओरडावंसं वाटलं, की काकू, खोटं आहे हे, असा पंखा कुणाच्या बापाला जमला नसता! ओरडलो नाही. डोळे गळायला लागले, म्हणून पाठ फिरवून वायर गुंडाळत बसलो.

काकूंनी डब्याचं झाकण काढलं. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

"तीन वर्षं घातलीत ह्यात! आता बस करा. यायचं तेव्हा येईल तो. येऊ तर दे, अशी कानाखाली वाजवते ना!"

"वाजव," काका म्हणाले. "माझ्या वाटची पण तूच वाजव."