अहिररावांचं सडकं केळं

महबूल्यात आमच्या शेजारी राहणारे अहिरराव बाल्कनीत ताटलीत केळं ठेवतात. खायला नाही, सडायला. कुवेतच्या उन्हाळ्यात त्याचं जे काही होतं, त्याचा वास कठडा ओलांडून आमच्या चहात उतरतो.

"फुलपाखरासाठी ना, काका?" मी एकदा गोड आवाजात विचारलं. चुकलंच.

"फुलपाखरू कुणाला म्हणता? युफेड्रा म्हणा! फुलाकडे ढुंकून बघत नाही ते. दाट जंगलात, जमिनीलगत उडतं, पडलेली फळं खातं. डोकं लावा जरा!"

इथल्या शुऐब्याच्या प्लांटवर येण्याआधी ते कॅमेरूनमध्ये होते. क्वार्टरच्या मागे लगेच जंगल. "डोकं लावा जरा" हे त्यांचं पालुपद. लिफ्टला, एसीला, सगळ्यांना तेच. इमारतीचा रखवालदार तर ते दिसले की जिन्याने पळतो.

"पण ते इथे कसं येणार?"

"नाहीच येणार! मी वेडा वाटलो तुम्हाला?"

वाटले होते. बोललो नाही. मी घरातही बोलत नाही.

गेल्या शुक्रवारी मात्र माझ्या पोह्यांवर चिलटं बसली आणि डोकंच फिरलं. कठड्यावरून हात घालून केळं उचललं, पिशवीत कोंबलं आणि खालच्या कचराकुंडीत टाकून आलो. आयुष्यातलं पहिलं शौर्य.

दहा मिनिटांत दारावर बुक्क्या. हातात रिकामी ताटली घेऊन अहिरराव, लालभडक. "कुठंय केळं? तुम्ही बँकवाले ना, सगळे—"

खिशातला मोबाइल वाजला. आवाज एकदम खाली आला.

"सई आहे. मेलबर्नहून. कॅमेरूनला असताना पाच वर्षांची होती, ताटली स्वतःच मांडायची. दर शुक्रवारी तेवढंच विचारते हो. दुसरं काही बोलायला आमच्याकडे उरलेलं नाही."

मी स्वयंपाकघरात धावलो. एकच केळं होतं, हिरवं, टणक. ते ताटलीत ठेवलं.

"कच्चं आहे हे!" ते दातओठ खात कुजबुजले आणि फोन उचलला.

"डिड इट कम, बाबा?"

"नाही गं." त्यांनी कॅमेरा ताटलीकडे वळवला. "केळं पिकायचंय अजून."

"ओके. नेक्स्ट फ्रायडे, बाबा."

फोन बंद झाला. आता आपली धडगत नाही, म्हणून मी मान खाली घातली. अहिररावांनी ताटली माझ्या हातात दिली.

"तुमच्याच बाल्कनीत ठेवा. पण उन्हात नको," ते म्हणाले. "सावलीतच येतं ते."