दागनची फवारणी

"यंदा हिरवा बिल्ला आपलाच! नाही मिळाला तर नाव बदलेन!" फंगशिया काकूंनी भर चौकात जाहीर करून टाकलं.

मालावर कीटकनाशक नसल्याचा हा बिल्ला नसेल तर जिल्ह्याच्या बाजारात माल उतरू देत नसत, तेव्हा प्रश्न सबंध हंगामाचा होता. पूर्वी आमच्या शानतुंग प्रांतात नजर पोचेल तिथवर गहू असायचा आणि तपासायला कुत्रंही फिरकत नसे. मग लसूण आला, मग लसणाच्याच वासाची ही पात आली, आणि आता जिकडेतिकडे प्लास्टिकची शेडं! पीक वाढलं, किडी वाढल्या, औषधं वाढली, आणि त्यांच्या वासावर तपासनीस आले.

पण गावाची एक रीत होती. शेडातली पात बाजाराला, परसातल्या वाफ्यातली आपल्या पोटाला! परसात औषधाचा थेंब पडत नसे. पानांची चाळण व्हायची, पण खायला निर्धास्त. काकूंचा बेत सोपा होता. तपासनीस बाईंना शेडाकडे न्यायचंच नाही, परसात न्यायचं!

बाई आल्या. नाव पेई, वय कोवळं, खांद्याला पेटी.

"हे तुमचं शेत? एवढंसं?"

"बाकीचं कापून झालं, बाई!"

पात अशी हिरवीगार, की एका पानाला भोक नाही! काकूंना नवल वाटलं, पण आनंदाच्या भरात त्या ते विसरल्या.

पेईबाईंनी पान कुटून रस पेटीतल्या तपासणीच्या पट्टीवर टाकला. टेबलावर पातीचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या वाफाळत होत्या.

"घ्या ना, बाई!"

"नाही हो काकू. तपासणीला आल्यावर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा नियम आहे."

"मग आमचे हे खातील! अहो, खाऊन दाखवा! आम्ही विकतो तेच खातो, म्हटलं!"

काकूंचे यजमान दागन आज्ञाधारकपणे तिसरं ताट संपवू लागले.

"काकू, पट्टी निळी व्हायला हवी होती," पेईबाई म्हणाल्या. "ही पांढरीफटक! औषध ठासून भरलंय!"

"अशक्य!"

"अशक्य काय त्यात?" दारातून सासूबाई कडाडल्या. "सरकारी पाहुणी येणार आणि तिला भोकं पडलेली पानं दाखवायची? घराण्याची अब्रू आहे की नाही? जुनी पात कापून नव्या फुटीवर मीच फवारलं, पंधरा दिवस. चांगलं रोज दोनदा!"

दागनच्या तोंडातली करंजी खाली पडली. "आई! तिसरं ताट आहे माझं! मेलो! फंगशिये, माझा कोट धाकट्याला दे गं!"

"गप रे! फवारलेलं तुला घालायला मी वेडी आहे का? करंज्यांत शेडातली, भोकं पडलेली पात आहे."

"शेडातली?" काकू किंचाळल्या. "तिच्यावर तर हे महिनाभर रोज फवारतायत!"

"अच्छा! म्हणजे शेडही आहे तर!" पेईबाई म्हणाल्या.

दागन मात्र ताडकन उभे राहिले. चेहरा नववर्षाच्या कंदिलासारखा उजळला! "शेडातली? मग जगलो की! अगं, मी फवारलंच नाही! एकदाही नाही!"

"मग रोज पाठीला पंप लावून जाता कुठे?"

"म्हाताऱ्या मो आजोबांच्या ओट्यावर. पत्ते कुटायला. रिकामा पंप काही जड नसतो."

काकूंनी लाटणं उचललं, पण पेईबाई शेडाकडे निघाल्या होत्या. तिथली पानं किडकी, पण पट्टी निळीशार! शेडाला हिरवा बिल्ला मिळाला, परसातल्या वाफ्यावर लाल पाटी लागली, आणि यापुढे तपासणी न सांगता होईल असं बजावून बाई गेल्या.

आता बाजारात लोक दागनना गुपित विचारतात. ते हनुवटी कुरवाळत म्हणतात, "संयम लागतो."

परवा मात्र ते काकूंना म्हणाले, "आज पत्ते नकोत. रोज हरतोय. जरा शेतात काम करावं म्हणतो."

"खबरदार!" काकूंनी रिकामा पंप त्यांच्या पाठीवर चढवला. "शेडाकडे फिरकलात तर याद राखा! मुकाट्यानं पत्ते खेळायला जा!"