एकशे बारा घोट

"एक थेंब उरणार नाही!" सुलाऊच्या आईने समितीपुढे वही आपटली. "एकशे बारा माणसं, प्रत्येकी पाच मिलिलिटर. झाले पाचशे साठ. मी सिरिंजने मोजून ओतणार!"

बाई तीस वर्षं दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. ती मोजून सांगते म्हटल्यावर पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

लांबघरात चोवीस बिऱ्हाडं, छप्पर एक, ओसरी एक. पण नदीच्या वरच्या अंगाची बारा बिऱ्हाडं अँग्लिकन आणि खालच्या अंगाची बारा मेथडिस्ट. वरच्यांच्या चर्चचे खांब वाळवीने खाल्ले. त्याच वर्षी खालच्यांच्या चर्चचं छप्पर वादळाने उचलून नदीपलीकडे नेऊन ठेवलं.

"देवच सुचवतोय, आता एकच बांधा!" लांबघराचे प्रमुख मांगाट म्हणाले.

देवाला सुचवायला एक वादळ पुरलं. समितीला ठरवायला चौदा महिने लागले. गाणी कोणाची, गुडघे टेकायचे की नाही, सगळं ठरलं. अडलं ते प्याल्यापाशी. प्रभुभोजनाला, म्हणजे आशीर्वाद दिलेल्या एकाच प्याल्यातून सगळ्यांनी घोट घ्यायच्या विधीला, वरचे द्राक्षाची दारू घेणारे. खालचे दारूला न शिवणारे. त्यांचं लाल अंबाडीचं सरबत.

"दोन प्याले ठेवू या," कुणीतरी म्हणालं.

"दोन प्याले म्हणजे दोन चर्चं!" प्रमुख कडाडले.

शेवटी खालच्यांनी मन मोठं केलं. दारू चालेल, पण घोट औषधाएवढा! त्यावर वरच्यांच्या फादर बांगांनी आपल्या चर्चचा नियम सांगितला: आशीर्वाद दिलेलं उरलं तर ओतून टाकता येत नाही, तिथेच पिऊन संपवावं लागतं. म्हणून तर सुलाऊच्या आईने वही आपटली होती. शिवाय इतिवृत्तात स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहूनही टाकलं, 'उरल्यास जबाबदारी: सुलाऊची आई.' खाली पट्टीने रेघ मारली.

तिला घाई होती, त्याचं कारण इतिवृत्तात नव्हतं. ती खालची, नवरा वरचा. सत्तावीस वर्षं दर रविवारी दोघं एका दारातून बाहेर पडत, की तो डावीकडे, ती उजवीकडे! प्रार्थनेला नवऱ्याशेजारी ती बसली होती ती फक्त लग्नाच्या दिवशी. आता पहिली एकत्र प्रार्थना झाली आणि दोन्हीकडच्यांनी एकत्र चर्चच्या कागदावर सही केली, की ती उरलेला जन्म एका बाकावर बसणार होती. सही फिसकटली, तर पुन्हा डावी-उजवी.

रविवार उजाडला. शहरातून दोन्ही पंथांचे दोन पाहुणे सहीचा कागद घेऊन होडीने आले. ओसरीवर बाकं मांडली. पाचशे साठ मिलिलिटर मावेल असा प्याला कुणाकडेच नव्हता, म्हणून होड्यांच्या शर्यतीतला चषक घासूनपुसून ठेवला. सुलाऊची आई मागे उभी राहून वहीत एकेका माणसापुढे खूण करत होती. तिथून तिला फक्त पाठी दिसत होत्या.

पाहुणचार म्हणून रांगेत पहिला मान खालच्यांना. सर्वांत पुढे लिगांगचे बाबा. वय सत्तर, जन्मात दारू प्यायलेले नाहीत. प्याला समोर आला आणि वास नाकात शिरला. पिववेना, नाही म्हणवेना! आता त्या नदीकाठी कुणी काही पुढे केलं आणि आपण तोंड फिरवून निघालो, तर वाटेत मगर तरी गाठते नाहीतर साप तरी, अशी समजूत. म्हणून नको असेल तर बोटाचं टोक बुडवायचं, ओठाला लावायचं. मगरही खूश, यजमानही खूश. लिगांगच्या बाबांनी साठ वर्षं तांदळाच्या दारूला असंच टाळलं होतं. हात आपोआप गेला. बोट बुडालं, ओठाला लागलं, सुटले!

मागच्यांनी ते पाहिलं. अरे, असं चालतं होय! खालचे झाडून सगळे बोट बुडवून गेले.

मग वरच्यांची पाळी.

"हे काय नवीन?"

"समितीत ठरलं असेल."

"मग आपणही बोटच लावू या. नाहीतर म्हणतील, दारू दिसली की वरच्यांनी तोंड घातलंच!"

इकडे तीस खुणा झाल्या तेव्हा सुलाऊच्या आईने टाचा उंचावून प्याल्यात पाहिलं. दीडशे मिलिलिटर कमी हवं होतं. प्याला काठोकाठ! तिने वजाबाकी पुन्हा केली. साठ खुणा झाल्या, प्याला काठोकाठ! तिने खिशातली सिरिंज उजेडात धरून तपासली. शंभर झाल्या. आता तिला गणिताचाच संशय येऊ लागला.

तेवढ्यात लेम्बा आजी प्याल्यापाशी पोचल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा अंदाजपंचे.

"शंभर माणसं प्याली आणि प्याला भरलेलाच! चमत्कार!"

झालं! आपण नुसतं बोट बुडवलं होतं हे विसरून झाडून सगळे पुन्हा रांगेत! एका पाहुण्याने फोन काढून चित्रीकरण सुरू केलं. सुलाऊची आई गर्दीतून वाट काढत पुढे घुसली, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याने भक्तिभावाने प्याल्यात बोट बुडवलं.

"अहो! हे काय करताय?"

"तुमचीच पद्धत ना ही?"

तिला सगळं कळलं. शंभराच्या वर बोटं! आणि नखाखाली काय काय राहतं हे त्या लांबघरात एकट्या तिला नावानिशी ठाऊक होतं.

"आता हे संपवायला हवं," फादर बांगा हळूच म्हणाले.

"मग संपवा ना, फादर!"

"मला होडी घेऊन पुढचे खळाळ ओलांडायचेत, बाई. सुकाणू मीच धरणार."

खालच्यांचे पास्टर एकाएकी छपराची पाहणी करू लागले.

"ओतून टाकलंत तर आम्ही सही करणार नाही!" वरच्यांतून आवाज आला.

"आमच्या बाईला दारू पाजलीत तर आम्हीही नाही!" खालच्यांतून उत्तर गेलं.

पाहुण्यांनी कागद हळूहळू पिशवीत सरकवायला सुरुवात केली. प्रमुख मांगाटांनी इतिवृत्त उघडून ती ओळ मोठ्याने वाचली. पट्टीने मारलेली रेघसुद्धा सर्वांना दाखवली.

सुलाऊच्या आईने कागदाकडे पाहिलं. नवऱ्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. शर्यतीचा चषक दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला! शेवटचा थेंबसुद्धा!

"आमच्या नियमासाठी प्याली!" वरच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले.

"आमच्या बाईने शब्द पाळला!" खालचे छाती फुगवून म्हणाले.

दोन्हीकडून सह्यांना झुंबड उडाली. ती मात्र ताठ मानेने, आपल्या मते सरळ रेषेत, नवऱ्याच्या बाकाकडे निघाली.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. डोक्यात लाकूड कापायचं यंत्र चालू होतं. नवरा शेजारी चटईवर बसून वारा घालत होता.

"सह्या झाल्या?"

"सगळ्यांच्या. तुझीसुद्धा. कागदाच्या आडव्या बाजूने."

"आणि मी तुमच्या शेजारी बसले होते?"

"बसलीस ना. घोरलीससुद्धा! पाहुण्यांचं भाषण कुणालाच ऐकू आलं नाही."

सत्तावीस वर्षांनी योग आला, आणि तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. जाऊ दे. तिने स्वतःची समजूत घातली. चर्च एक झालं, आता दर रविवार आपलाच.

"एक ठराव पण झाला," नवरा म्हणाला. "एकमताने. एकत्र चर्चचा पहिलाच! पुढच्या महिन्यात तो चमत्काराचा प्याला बघायला आजूबाजूच्या लांबघरांतून तीनशे माणसं येणारेत. प्याल्याचा हिशेब तुझ्याकडे. वही आण म्हणतात."

तिने सवयीने तीनशे गुणिले पाच करायला घेतलं, आणि अर्ध्यातच थांबली.

"आणि मी कुठे बसायचं? तुमच्या शेजारी ना?"

नवऱ्याचा पंखा थांबला.

"तू? तू प्याल्याजवळ."